ग्लासगो ते मॅलेग: दलदलीवर टाकलेल्या रुळांवरून

तेहतीस वर्षं मी रेल्वेत पी-वेला काढली. म्हणजे रूळ, स्लीपर, खडी, आणि पावसाळ्यात घाटातल्या दरडी. प्रवासी खिडकीतून डोंगर बघतो; माझी नजर आधी भरावावर जाते, मोरीच्या तोंडावर जाते, वळणावर बाहेरचा रूळ किती उचललाय तिकडे जाते. त्यामुळे स्कॉटलंडच्या वेस्ट हायलँड लाइनबद्दलचं माझं हे मत रुळांकडे जरा झुकलेलं वाटेल. पण रेल्वेशी लग्नापलीकडे काही संबंध नसलेली माझी बायको माधुरी मॅलेगच्या धक्क्यावर मला म्हणाली, "अहो, परत जाताना पण दिवसाचीच गाडी घेऊ या, मला काही चुकवायचं नाहीये." तेव्हा ही गाडी फक्त माझ्यासारख्यांसाठी नाही, एवढं नक्की.

मुलगी ग्लासगोत नोकरीला आहे. मे महिन्यात आम्ही तिच्याकडे गेलो होतो. निघण्याआधी एका प्रवास कंपनीत चौकशी केली, तर त्यांनी सांगितलं की हॅरी पॉटरच्या सिनेमात दाखवलेल्या प्रसिद्ध कमानींच्या ग्लेनफिनन पुलावरून जायचं असेल तर वाफेच्या इंजिनाची खास गाडीच घ्यावी लागते, तिची तिकिटं संपली आहेत, आणि आता बसने नेऊन पूल लांबून दाखवता येईल. आम्ही ते जवळजवळ मान्य केलं होतं. मुलीने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, काहीतरीच काय! रोजची गाडी त्याच पुलावरून जाते." आणि खरंच जाते. वाफेची गाडी फोर्ट विल्यम ते मॅलेग एवढंच धावते, हंगामापुरतं. रोजची डिझेल गाडी बाराही महिने ग्लासगोपासून मॅलेगपर्यंत २६४ किलोमीटर जाते, त्याच रुळावरून, त्याच पुलावरून, साध्या तिकिटावर. खोटी माहिती देऊन लोकांना फोटोच्या जागी उभं करून आणणाऱ्यांचा मला राग आला. हे लिहायला बसलो त्याचं निम्मं कारण तेच.

गाडी ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनातून सुटते. पूर्ण प्रवास सव्वापाच तासांच्या आसपास. डबे जुन्या धाटणीचे, दोन डब्यांचा एक संच आणि असे दोन संच एकामागे एक जोडलेले. दिखाऊ काही नाही. काचेचं छप्पर नाही, गालिचे नाहीत. टेबलाभोवती चार खुर्च्यांच्या जागा आहेत, त्यातली एक मिळाली तर उत्तम. बाहेर पाऊस लागला की काचेवरून पाणी मागे ओघळत जातं आणि त्यातूनच बघायचं. मला हे आवडलं. ही गाडी त्या मुलखातल्या लोकांची आहे. आमच्या डब्यात शाळेची बॅग घेतलेला मुलगा होता, सायकलवाले होते, आणि दवाखान्यातून घरी निघालेल्या एक आजी होत्या, ज्यांनी माधुरीशी पूर्ण तासभर गप्पा मारल्या. भाषा दोघींची वेगळी, पण गुडघ्यांचा विषय एकच.

स्टेशन सोडताच बोगदा आणि बोगद्यातच चढ. साधारण ४२ ला १, म्हणजे ४२ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. घाटात काम केलेल्याला असा चढ पाठीला कळतो. आपल्या बोर घाटात ३७ ला १ आहे. हा रूळ १८४२ चा, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गाड्या इथे दोराने वर ओढत. आता डिझेल इंजिन थोडं गुरगुरतं आणि वर येतं. आजूबाजूला कुणाला त्याचं काही नव्हतं, मी मात्र घड्याळ लावून बसलो होतो.

कुठल्या बाजूला बसायचं हे आधी सांगून टाकतो, कारण याचं सरळ उत्तर कुणी देत नाही. ग्लासगोहून निघताना डाव्या बाजूला बसा. क्लाइड नदीचं रुंद होत जाणारं मुख, डंबार्टनचा कातळ, मग गेअर लॉख आणि लॉख लाँग ही समुद्राची आत शिरलेली लांब बोटं, सगळं डावीकडे. लॉख म्हणजे तलाव किंवा खाडी, दोन्हीला तिकडे एकच शब्द. लॉख लोमंड तेवढा उजवीकडे येतो. ब्रिटन बेटावरचा सर्वांत विस्तीर्ण तलाव, पण रूळ आणि पाणी यांच्यामध्ये झाडं इतकी वाढलेली की मे महिन्यात पालवी फुटल्यावर तो तुकड्यातुकड्यांनीच दिसतो. त्यासाठी उजवी बाजू धरू नका. आणि महत्त्वाचं, फोर्ट विल्यमला गाडीची दिशा उलटते. ते टोकाचं स्टेशन आहे. गाडी ज्या तोंडाने आत गेली त्याच तोंडाने बाहेर येते. म्हणजे इथवर डावीकडे बसलेला माणूस पुढे उजवीकडे जातो, आणि ग्लेनफिनन पूल बघायचा तर परत डावी बाजू लागते. फोर्ट विल्यमला बरेच लोक उतरतात, तेवढ्यात उठून समोरच्या बाजूला जा. आमच्या मागच्या बाकावरचं एक जोडपं बसूनच राहिलं आणि पुलावर त्यांना दुसऱ्यांच्या डोक्यांशिवाय काही दिसलं नाही.

दुसरी सूचना क्रियनलारिक स्टेशनची. इथे गाडी तुटते. एक भाग ओबनला, दुसरा फोर्ट विल्यम आणि मॅलेगला. घोषणा होते, गार्ड डब्यातून फिरून विचारतोही, पण ग्लासगोलाच आपल्या डब्यावरचा फलक वाचून बसलेलं बरं. इथे काही मिनिटं मिळतात. फलाटावर छोटं चहाघर आहे. मी चहासाठी उतरलो खरा, पण डबे सोडवताना बघतच उभा राहिलो आणि चहा माधुरीने आणला.

क्रियनलारिकनंतर खरी लाइन सुरू होते. टाइनड्रमच्या पुढे बेन डोरन नावाचा उघडाबोडका, शंकूसारखा डोंगर येतो. त्याच्या पायथ्याशी एक दरी आडवी येते. पैसे असते तर तिथे मोठा पूल बांधून सरळ पलीकडे गेले असते. पैसे नव्हते, म्हणून रूळ दरीच्या आत वळवला, आतल्या अंगाला छोट्या पुलांवरून ओढा ओलांडला आणि पलीकडच्या कुशीने परत बाहेर आणला. घोड्याच्या नालेसारखं वळण. डाव्या खिडकीतून समोरच्या उतारावर आपलाच पुढचा रूळ दिसत असतो. मी माधुरीला दाखवलं, "पाच मिनिटांनी आपण तिथे." तिला ते पटेना. मग गाडी तिथे पोचली आणि तिने मागे वळून आपण आलो ती बाजू बघितली. ज्याने हा रूळ आखला त्याला डोंगराची समजूत होती. तुटपुंज्या पैशांत आखलेल्या लाइनीत अशी अक्कल फार दिसते.

आता रॅनोख मूर. मूर म्हणजे झाडं नसलेलं, पाणथळ, गवत आणि हेदरच्या झुडपांचं ओसाड माळरान. साधारण १३० चौरस किलोमीटर. खाली पीट आहे, म्हणजे हजारो वर्षं पाण्यात कुजून दाट झालेलं गवत-शेवाळ. काळं, लोण्यासारखं मऊ, कित्येक ठिकाणी माणूस उभा गडप होईल इतकं खोल. पी-वेच्या माणसाला विचाराल तर रूळ टाकायला याहून वाईट जमीन नाही. आपल्याकडे काळ्या मातीत भराव खचतो तेव्हा आम्ही खडी टाकून टाकून थकायचो. इथे तर टाकलेलं सगळं पोटात जात होतं.

मग १८९० च्या सुमारास त्यांनी काय केलं, तर रूळ तरंगवला. झाडांची मुळं, फांद्या, काटक्या यांची जाड गादी अंथरली, तिच्यावर हजारो टन माती आणि राख ओतली, आणि त्या गादीवर लाइन टाकली. जमीन दाबून घट्ट करायचा हट्ट सोडला आणि वजन पसरवून दिलं. ७ ऑगस्ट १८९४ ला फोर्ट विल्यमपर्यंत गाड्या सुरू झाल्या आणि आजही त्याच पट्ट्यावरून गाडी जाते. तिथून जाताना मी बोलणं थांबवलं आणि पाय फरशीवर घट्ट टेकवले. वेग कमी होता. डबा हलतो, पण खडीवर हलतो तसा नाही. एक मऊ, लांब हेलकावा येतो, होडी किनाऱ्याला लागताना येतो तसा. कदाचित मला ठाऊक होतं म्हणून तसं जाणवलं असेल, पण तो हेलकावा मी अंगावर घेतला आणि ज्या माणसांनी चिखलात कंबरभर उभं राहून त्या फांद्या अंथरल्या त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

या माळाने लाइन होण्याआधीच काही माणसं घेतली असती. जानेवारी १८८९ मध्ये सात जण, इंजिनीअर आणि कंत्राटदार वगैरे मंडळी, जागा बघायला म्हणून पायी हा माळ ओलांडायला निघाले. ऐन हिवाळा, पाऊस, बर्फ, अंधार. वाट चुकले, फुटले, एकदोघे कोसळले. सगळे जिवंत परतले ते केवळ नशिबाने. त्या सातांत रॉबर्ट मॅकअल्पाइन नावाचा कंत्राटदार होता. त्याचं नाव पुढे पुन्हा येईल.

रॅनोख स्टेशनच्या पुढे एक लांब लोखंडी पूल आहे, नऊ गाळ्यांचा, २०८ मीटर. मग क्रूआखला एका खोदाईवर पत्र्याचं छप्पर, वाऱ्याने बर्फ आत साचू नये म्हणून. आमच्याकडे दरडींसाठी बोगद्याच्या तोंडाला छप्पर वाढवतात; त्यांची दरड पांढरी, एवढाच फरक.

आम्ही कोराउरला उतरलो. या प्रवासातली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती, तर हे उतरणं. समुद्रसपाटीपासून ४०८ मीटरवर, ब्रिटनच्या मुख्य रेल्वेजाळ्यातलं सर्वांत उंच स्टेशन. घाट बघितलेल्याला आकडा मोठा वाटणार नाही. पण इथे सार्वजनिक रस्ता नाही. गाडीने या, गाडीने जा, नाहीतर चाला. आमच्याबरोबर तिघे उतरले, पाठीवर मोठ्या पिशव्या घेतलेले. गार्डने खाली उतरून आम्हा दोघांकडे नीट बघितलं आणि विचारलं, पुढची गाडी किती वाजता माहीत आहे ना? मी वेळ सांगितली. त्याने मान हलवली, आत चढला, आणि गाडी गेली. गाडीचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला, कारण अडवायला तिथे काहीच नाही. मग तोही गेला.

माधुरी म्हणाली, "अहो, इथे उतरून आता आपण जायचं कुठे?"

जायचं दीड किलोमीटरवरच्या लॉख ओसियनपर्यंत. खडीचा सपाट मार्ग आहे, गुडघ्यांना त्रास नाही. दोन्ही बाजूंना करड्या-तपकिरी रंगाचं गवत, मध्ये काळ्या पाण्याची डबकी, दूरवर डोंगरमाथ्यांवर उरलेले बर्फाचे पट्टे. वाटेत पीटचा एक तुटलेला काठ दिसला. मी वाकून बोट खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं, थंडगार, आणि बोट बाहेर काढलं तेव्हा त्याला काळा रंग आणि मुळांचे बारीक तंतू चिकटलेले. त्या काठात झाडाचं एक जुनं खोड रुतलेलं होतं, सालीसकट. माळावर आज जिथे नजर जाईल तिथवर झाड नाही, आणि खाली मातीत झाड. पीटमध्ये हवा शिरत नाही म्हणून लाकूड सडत नाही. तेव्हा मला त्या फांद्यांच्या गादीचं गणित खऱ्या अर्थाने कळलं. जे लाकूड उघड्यावर दहा वर्षांत संपलं असतं ते या काळ्या पाण्यात टिकून राहतं. ज्या दलदलीने त्रास दिला तिनेच गादी सांभाळली. एवढी वर्षं रुळांवर काढून हे मला साठी उलटल्यावर बोट खुपसून समजलं.

तलावाकाठी झाडांच्या पुंजक्यात एक छोटं युथ हॉस्टेल आहे. पाणी स्थिर होतं. हरणांचा एक कळप पलीकडच्या उतारावर चरत होता, आम्हाला बघून त्यांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या. तासभर बसलो. स्टेशनवर परत आलो तेव्हा तिथल्या स्टेशन हाउसमध्ये गरम सूप आणि जाड कापाचा ब्रेड मिळाला. भाज्यांचं सूप, मिरपूड सढळ. शाकाहारी माणसाची सोय झाली. पण हे उपाहारगृह वर्षभर उघडं नसतं, म्हणून जाण्याआधी खात्री करा आणि पिशवीत स्वतःचं काहीतरी ठेवाच. आसपास दुसरं काहीही नाही. सकाळची गाडी आणि दुपारची गाडी यांत आम्हाला साधारण चार तास मिळाले. ते पुरेसे आहेत, जास्तही नाहीत. लंडनहून रात्री निघणारी झोपायच्या डब्यांची गाडीसुद्धा इथे थांबते. लंडनला पलंगावर आडवं व्हायचं आणि सकाळी या माळावर उतरायचं, हे करायला मला फार आवडेल.

दुपारची गाडी वेळेवर आली. आम्ही दोघंच चढलो. दोन माणसांसाठी एक गाडी उभी राहिली, दार उघडलं, गार्ड उतरला, त्याने मागेपुढे बघितलं, शिट्टी दिली. मी आयुष्यभर रेल्वेत होतो, छोटी स्टेशनं बंद होताना पाहिली आहेत. त्यामुळे ते दार उघडताना माझा गळा दाटून आला, आणि ते लिहायला मला संकोच वाटत नाही.

तिकिटाबद्दल इथे सांगतो, कारण ज्याला उतरायचं आहे त्याची इथेच फसगत होते. आगाऊ काढलेलं स्वस्त तिकीट त्याच एका गाडीचं असतं, मध्ये उतरून पुढच्या गाडीने जाता येत नाही. म्हणून ग्लासगो ते कोराउर आणि कोराउर ते पुढे, अशी वेगवेगळी तिकिटं काढा. साठ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी ज्येष्ठांचं रेलकार्ड मिळतं, त्यावर भाड्यात एक तृतीयांश सूट. वयाला पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो, तिथलं नागरिकत्व लागत नाही. वर्षभराचं कार्ड आहे, दोनचार प्रवासांत पैसे वसूल होतात. आणि उन्हाळ्यात जागा आरक्षित करा, गाड्या भरतात.

एका गोष्टीची मला फार उत्सुकता होती. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून हे काय करतात? आपल्याकडे कित्येक वर्षं ड्रायव्हरच्या हातात टोकन म्हणून लोखंडी गोळा द्यायचे, तो गोळा ज्याच्याकडे त्याचाच पुढचा सेक्शन. इथे तत्त्व तेच आहे, फक्त गोळा हवेतून येतो. फोर्ट विल्यमजवळच्या बॅनवी इथल्या केंद्रातून रेडिओवर ड्रायव्हरला टोकन देतात, ते त्याच्या केबिनमधल्या पडद्यावर उमटतं, आणि पुढचा लूप, म्हणजे समोरची गाडी जाऊ द्यायची बाजूची लाइन, आला की तो ते परत करतो. प्रत्येक लूपला गाडी थोडी थांबते, प्रवासी वैतागून घड्याळ बघतात. ड्रायव्हर त्या वेळी टोकन मागतोय हे माहीत असेल तर ती दोन मिनिटं खटकत नाहीत.

कोराउरनंतर उतार. लॉख ट्रीग डावीकडे खाली पसरलेला, काठाला पाण्याच्या चढउताराची फिकट रेघ. तो आता धरणाचा तलाव आहे. त्याचं पाणी बेन नेविसच्या पोटातून सुमारे २४ किलोमीटरच्या बोगद्याने फोर्ट विल्यमच्या ॲल्युमिनियम कारखान्याच्या वीजघरात जातं. बेन नेविस, १३४५ मीटर, ब्रिटनचं सर्वांत उंच शिखर, आम्हाला दिसलं नाही. दोन दिवस ढगातच होतं. फोर्ट विल्यम गावाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. मुक्काम केला, जेवलो, झोपलो. जिथे राहिलो तिथे शाकाहारी म्हणून नुसती उकडलेली फरसबी आणि बटाटा आला आणि बिल मात्र सगळ्यांसारखंच, एवढं लक्षात राहिलं. सकाळी गावातून बाहेर पडल्यावर कॅलेडोनियन कालव्याची आठ पायऱ्यांची पाण्याची शिडी दिसते, टॉमस टेलफर्डच्या काळातली. बोटी एकेक कप्पा भरत वर चढतात.

आणि मग ग्लेनफिनन. फोर्ट विल्यम ते मॅलेग ही वाढीव लाइन १ एप्रिल १९०१ ला सुरू झाली, आणि ती बांधली त्याच रॉबर्ट मॅकअल्पाइनच्या कंपनीने, जो बारा वर्षांपूर्वी त्या माळावर मरता मरता वाचला होता. इथला दगड फोडून घडवायला फार चिवट, म्हणून त्याने पूल काँक्रीटचा केला. लोखंडी सळई न घालता, नुसतं काँक्रीट. २१ कमानी, ३८० मीटर लांबी, ३० मीटर उंची. मॅकअल्पाइनला लोक काँक्रीट बॉब म्हणायला लागले. पण फोटोत कळत नाही ते वेगळंच आहे. हा पूल वळणावर आहे, आणि वळण २४१ मीटर त्रिज्येचं. आमच्या हिशेबात सव्वासात डिग्री. एवढं तीव्र वळण, ते पुलावर, आणि ते सळई नसलेल्या काँक्रीटवर! वळणावर गाडीचा जोर बाहेरच्या बाजूला जातो. तो जोर तीस मीटर उंच सडपातळ खांबांनी सव्वाशे वर्षं घेतला आहे. गाडी हळू होते, डाव्या खिडकीतून आपलेच पुढचे डबे कमानींवर वाकलेले दिसतात, खाली लॉख शील आणि त्याच्या काठावर एक उंच स्मारकस्तंभ. १७४५ मध्ये राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टने तिथे बंडाचं निशाण उभारलं होतं. डब्यात सगळे उठून उभे राहिले. खाली टेकडीवर शंभरेक माणसं कॅमेरे रोखून उभी होती. त्यांतली काही बसने आणलेली असणार, हे आठवून मला त्यांच्याबद्दल हळहळ वाटली. त्यांनी आमच्याकडे बघून हात हलवले, माधुरीनेही हलवला.

पुलाच्या खांबात माल वाहणारी घोडागाडी घोड्यासकट पडून गाडली गेली, अशी एक गोष्ट तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लोक ग्लेनफिननच्याच खांबांत शोधत होते. २००१ मध्ये सापडली ती पुढच्या लॉख नान उआव्ह पुलाच्या मधल्या खांबात. गाडीतून जाताना तो पूल पटकन निघून जातो, मी डोळे लावून बसलो होतो. भरणी चालू असताना काठावरून माल ओतायला घोडा मागे मागे घेतात, आणि एक पाऊल जास्त पडतं. साइटवर काम केलेल्या माणसाला ते दृश्य रंगवून सांगावं लागत नाही.

इथून पुढे समुद्र. छोटे बोगदे, मधेच उघडणाऱ्या खाड्या, अ‍ॅरिसेगनंतर क्षितिजावर एग आणि रम ही बेटं. मोरारची वाळू पांढरी, पाणी उथळ भागात हिरवं. मग मॅलेग: बोटी, सीगल, माशांचा वास, स्काय बेटाला जाणारी फेरी. माझ्यासाठी चिप्स, माधुरीसाठी बाजूच्या दुकानातला हॅडक मासा. ती म्हणाली, "तिखट नाही, पण ताजा आहे." तिच्याकडून मासळीला एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ.

ज्या अडचणी आहेत त्याही नीट सांगायला हव्यात. गाड्या थोड्या आहेत; मॅलेगपर्यंत दिवसाकाठी तीनचार, रविवारी त्याहून कमी. एक चुकली तर दिवस गेला. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, त्यामुळे दुपारची गाडी घेतली तर अर्धा प्रवास काळ्या काचेकडे बघण्यात जाईल. जून ते ऑगस्ट मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचे थवे असतात, कोराउरसारख्या ठिकाणी उतरायचं तर जाळीची टोपी न्या. मेच्या पूर्वार्धात आम्हाला फारशा लागल्या नाहीत, रात्री नऊपर्यंत उजेड होता, आणि रुळाच्या कडेला गॉर्सची पिवळी फुलं सगळीकडे. तोच काळ धरा.

परतीला रॅनोखला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली. समोरून येणारी अजून आलेली नव्हती. फलाटाच्या उत्तर टोकाला एक दगड आहे, हे मला वाचून माहीत होतं. मी गार्डला विचारलं, दोन मिनिटं जाऊन येऊ का? तो म्हणाला, जा, तुमच्याशिवाय निघत नाही. लाइन बांधताना पैसे संपले होते, तेव्हा रेंटन नावाच्या संचालकाने स्वतःची संपत्ती घालून काम पुरं करवलं. मजुरांनी त्याचा चेहरा एका मोठ्या दगडात कोरून ठेवला. सुबक मूर्ती नाही ती. रूळ टाकणाऱ्या हातांनी, पहारी-छिन्नीची सवय असलेल्या हातांनी कोरलेला चेहरा: कपाळ, नाक, दाढीची ठेवण, आणि डोळ्यांच्या खोबणीत शेवाळ. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. दगड ओला होता. दक्षिणेकडून गाडीचा आवाज यायला लागला, समोरची गाडी लूपात शिरली, आणि मागून माधुरीची हाक आली, "अहो, चला!" गार्ड दाराशी शिट्टी हातात धरून माझ्याकडे बघत उभा होता. मी चढलो, मग त्याने ती वाजवली.